वही कोणाकडे द्यायची?

पद्म पुरस्कारासाठी कोणाचंही नाव कोणीही सुचवू शकतं, त्यासाठी मंत्र्याची शिफारस लागत नाही, हे आमच्या गावात फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. २०१६ पासून हा अर्ज संगणकावरून भरता येतो. नाव, गाव, क्षेत्र, आणि मग त्या माणसाच्या कामाबद्दल जास्तीत जास्त ८०० शब्द. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आम्ही चौघं वाचनालयाच्या मागच्या खोलीत ते ८०० शब्द लिहायला बसलो. माणूस ठरलेला होता. आमच्या तालुक्याच्या गावात लहानथोर सगळे ज्यांना अण्णा म्हणतात, ते अण्णा. वय ७६. सिंधुदुर्गाच्या या टोकाकडचे पेशंट गोव्याला, बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात घेऊन जाणं हे त्यांनी आयुष्यभर केलेलं काम. पगार नाही, संस्था नाही, लेटरहेड नाही.

पहिले दोनशे शब्द पंधरा मिनिटांत झाले. निःस्वार्थी, निगर्वी, रात्री-अपरात्री हाकेला धावणारे, सर्वांच्या सुखदुःखात सहभागी होणारे. मग पेन थांबलं. किती पेशंट नेले असतील? माहीत नाही. कधीपासून? एकजण म्हणाला जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास, म्हणजे १९८१ नंतर. दुसऱ्याच्या मते त्याच्या वडिलांचा अपघात हीच सुरुवात, म्हणजे आणखी चार वर्षांनी. खर्च कुठून व्हायचा? रक्त कसं उभं करायचे? गाडी कोणाची? चौघांपैकी तिघांच्या घरातलं कोणी ना कोणी अण्णांच्या सोबतीने बांबोळीला जाऊन आलेलं होतं. तरीही चौघांना मिळून एक ठोस वाक्य लिहिता येईना.

हे मला फार लागलं. कारण आदल्याच वर्षी गावाने अण्णांचा अमृतमहोत्सवी सत्कार केला होता आणि त्या सत्कार समितीत मी होतो. मानपत्राचा मसुदा माझाच होता. म्हणजे ज्या कामाबद्दल मला काही माहीत नव्हतं, त्या कामाचं मानपत्र मी लिहिलं होतं आणि ते वाचून झाल्यावर सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

लहान गावात आयुष्यभर लोकांसाठी राबलेल्या माणसाचा सन्मान व्हावा की नाही, असा प्रश्न कोणी विचारत नाही. व्हावाच. माझा प्रश्न सन्मान म्हणजे काय याचा आहे. आपण त्या माणसाला शाल देतो आणि त्याचं काम त्याच्याच खांद्यावर ठेवून घरी जातो. मला वाटतं, ज्या सत्कारात त्या कामाचा थोडासाही भार गाव उचलत नाही, तो सत्कार अपुरा आहे. त्याने गावाला ऋण फिटल्यासारखं वाटतं, हे त्याहून वाईट.

आधी काम काय असतं ते सांगतो, कारण मानपत्रात ते नव्हतं. ते मला नंतर, अण्णांच्या घरी पाच-सहा संध्याकाळी बसून कळलं.

ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तरीही डोक्याला मार लागलेला, हृदयाचं मोठं दुखणं असलेला, अवघडलेली बाळंतीण असा पेशंट आला की आमच्याकडे आजही तोंडात एकच शब्द येतो: बांबोळी. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ मध्ये महाराष्ट्रात सुरू झाली. त्याआधी गाडी मिळवण्यापासून सुरुवात असायची. मासळीचा टेम्पो, लग्नाची जीप, शेजाऱ्याची रिक्षा, जे दारात उभं असेल ते. पण गाडी मिळाली म्हणजे प्रश्न सुटला असं होत नाही. पत्रादेवीचा नाका ओलांडला की राज्य बदलतं. कॅज्युअल्टीच्या दारात पोचलेला भाताच्या शेतातला माणूस भांबावून उभा राहतो. केसपेपर कुठे काढायचा, रेफर केलेली चिठ्ठी कोणाला दाखवायची, कुठल्या वारी कुठली ओपीडी, कुठल्या कागदाच्या किती झेरॉक्स, नातेवाईकाने रात्री कुठे टेकायचं, जेवण कुठे स्वस्त मिळतं, कुठल्या तपासणीचा रिपोर्ट संध्याकाळी खिडकी बंद व्हायच्या आत घेतला नाही तर दुसऱ्या दिवसावर जातो. २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झालं. तेव्हापासून कोणाला किती भरावं लागेल, कुठली सवलत कुठल्या कागदावर मिळते, हेही डोक्यात ठेवावं लागतं. अण्णांच्या डोक्यात हे सगळं आहे. शिकलेल्या नातेवाइकालाही तिथे पहिले चार तास सुधरत नाही, आणि डोक्याला मार लागलेल्या माणसाकडे कधी कधी तेवढेच चार तास असतात.

मग रक्त. पैसे घेऊन रक्त देणारे लोक पूर्वी असत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्यावर बंदी घालायला सांगितलं आणि १९९८ पासून ती अमलात आली. बंदी योग्यच होती. पण तिचा अर्थ गावोगावच्या कोणाला तरी ऐच्छिक दात्यांची यादी बाळगावी लागणार, असा होता. ती जबाबदारी कोणत्याही आदेशात आमच्या गावापुरती कोणाच्या नावावर लिहिलेली नव्हती. अण्णांनी एक वही केली.

लांबट, पुठ्ठ्याची, किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी वही. त्यातली ही चौथी, आधीच्या तीन भरल्या. डावीकडे नाव आणि गाव, मग रक्तगट, मग फोन. पुढे तारखा, प्रत्येक वेळी रक्त दिल्याची. पुरुषाला तीन महिने आणि बाईला चार महिने मध्ये जावे लागतात, म्हणून तारीख महत्त्वाची. त्यापुढे अण्णांच्या बारीक अक्षरातल्या टिपा. 'रात्रपाळी, सकाळी फोन नको.' 'रक्त दिल्यावर चक्कर येते, सोबत माणूस हवा.' 'गणपतीत मुंबईहून येतो.' 'वडील नको म्हणतात, थेट त्यालाच विचारणे.' एका पानावर एकच नाव लाल शाईने लिहिलेलं आहे. त्याचा रक्तगट बॉम्बे, डॉ. य. मो. भेंडे यांनी १९५२ मध्ये मुंबईत शोधलेला, आपल्या देशात दहा हजारांत एखाद्याचा. या माणसाला रक्त लागलं तर त्याच गटाचं लागतं, दुसरं कुठलंच चालत नाही. त्याच्या नावासमोर अण्णांनी चार जिल्ह्यांतले संपर्क लिहून ठेवले आहेत. त्याला आजवर रक्त लागलेलं नाही. पण लागेल तेव्हा शोधायला वेळ नसेल, म्हणून.

आणि शेवटचं काम, ज्याबद्दल कोणीच बोलत नाही. माणूस तिथेच गेला, तर त्याला परत आणणं. अपघाताची केस असेल तर पोलीस, पंचनामा, पोस्टमॉर्टेम, मग शववाहिका, मग राज्याची हद्द, मग घर. त्या वेळी घरच्यांना सही कुठे करायची हेही दिसत नसतं. अण्णा त्यांच्या हातात पेन देतात आणि बोटाने जागा दाखवतात. "अक्षर लावन वाचू नको आता, सही कर," एवढंच बोलतात.

आता सत्काराकडे येतो. हॉल भरला होता. प्रमुख पाहुणे उशिरा आले. अकरा जण बोलले. फेटा, शाल, श्रीफळ, मानपत्र, थैली. थैलीतली रक्कम अण्णांनी तिथल्या तिथे वाचनालयाला दिली आणि टाळ्यांचा पाऊस पडला. अण्णा स्वतः बोलले ते जेमतेम तीन मिनिटं. त्यांच्या बोलण्यात एकच महत्त्वाचं वाक्य होतं, आणि ते मला आज शब्दशः आठवतं: "आता माका रात्रीचा दिसत नाय. माज्या मागे कोण जातलो, ता जरा ठरवा."

आम्ही या वाक्यालाही टाळ्या वाजवल्या. मग आभारप्रदर्शन झालं, मग जेवण. वही अण्णांच्या खांद्यावरच्या पिशवीत होती. हॉलमधल्या तीनशे माणसांपैकी एकानेही ती मागितली नाही. मीही नाही.

थैलीचंही ऐकून ठेवा. अण्णांच्या पत्नीकडून, ज्यांना आम्ही काकी म्हणतो, मला सहा महिन्यांनी कळलं की त्या पावसाळ्याआधी घराची कौलं बदलायची होती. ती राहिली. थैली परत देणं हा अण्णांचा स्वभाव आहे आणि त्या स्वभावाला मी नमस्कार करतो. पण भर सभेत हातात पैसे दिल्यावर अशा माणसाकडे दुसरा मार्ग तरी काय असतो? घेतले तर 'शेवटी घेतलेच' म्हणणारे पहिल्याच रांगेत बसलेले असतात. आम्ही त्यांना पैसे दिले नव्हते, परत करण्याची संधी दिली होती.

काकी ३० वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. १९७५ मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेत सेविकांना पगार नाही, मानधन असतं, आणि ते किती तुटपुंजं होतं हे आमच्या पिढीला माहीत आहे. त्या मानधनावर, दारातल्या माडांवर आणि उन्हाळ्यात विकलेल्या कोकमाच्या आगळ-सोलांवर हे घर चाललं. अण्णांची सेवा म्हणून आपण ज्याचा गौरव करतो, तिचा खर्च काकींनी केला आहे. सत्कारात त्यांना व्यासपीठावर बोलावून साडी दिली, ओटी भरली, 'खंबीर साथ' असे दोन शब्द म्हटले. मानपत्रात त्यांचं नाव नव्हतं. मसुदा माझा, चूकही माझी.

या बाबतीत महाराष्ट्रात कधी विचार झालाच नाही असं नाही. बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासारख्यांनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. नामवंत नटनट्यांनी एका नाटकाचे गावोगाव प्रयोग केले, त्यातून पैसा जमला, आणि त्या पैशाच्या व्याजातून पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागलं. यातला शब्द बघा: कृतज्ञता. तिचं रूप बघा: दरमहा. कार्यकर्त्याच्या घरात चूल पेटते, मुलांच्या फिया भराव्या लागतात, हे ज्यांनी ओळखलं त्यांनी कार्यकर्त्याला मखरात बसवलं नाही, माणूस म्हणून वागवलं. आमच्या जिल्ह्यातून मुंबईत गेलेली, तिथे बरं चाललेली हजारो माणसं आहेत. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला ती सढळ हाताने देतात. गावासाठी राबणाऱ्या एका माणसाच्या घराला दरमहा ठरावीक रक्कम पोचवणं त्यांना जड नाही. कोणी तसं मागितलेलंच नाही.

दुसरं उदाहरण गाडगेबाबांचं. बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी गेले. त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान निघालं, अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं, आणि ते योग्यच झालं. पण परळच्या टाटा रुग्णालयात उपचारासाठी खेड्यातून आलेल्या कॅन्सरच्या पेशंटला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आजही अंथरूण मिळतं. माझ्या मामीला मिळालं होतं. माझ्या लेखी बाबांचा सर्वांत मोठा सन्मान तो आहे. बाबांना स्वतःला हार घालून घेण्याची हौस कधी नव्हती. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, त्यांचे विश्वस्त नेमले, आणि आपल्या माघारी खाटा रिकाम्या राहणार नाहीत अशी व्यवस्था लावली. माणूस गेल्यावर जवळपास सत्तर वर्षं काम चालू राहिलं, कारण ते सोपवलेलं होतं.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते सत्तरच्या दशकात रुजू झाले, तेव्हा कोकणात विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं, मुलं मरत. त्यांनी एकेक रुग्णाजवळ रात्र-रात्र बसून निरीक्षणं लिहिली, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर लागू पडतं हे दाखवून दिलं. 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं लिखाण १९८२ मध्ये आलं. पदक आलं चाळीस वर्षांनी. उशीर झाला, हे खरंच. तरीही मला त्यांची गोष्ट आनंदाची वाटते, कारण पदकाची वाट न बघता त्यांचं काम पसरलं होतं. त्यांची 'वही' छापली गेली होती. आज कुठल्याही आरोग्य केंद्रातला नवा डॉक्टर त्यांना न भेटता त्यांचा उपचार देऊ शकतो.

याच्या उलट अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर. १२३ अनाथ, दिव्यांग, बेवारस मुलांना त्यांनी स्वतःचं नाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ते वर्षानुवर्षं एक गोष्ट मागत आले आहेत: १८ वर्षं पूर्ण झाली की अशा मुलांना बालगृहातून बाहेर पडावं लागतं, ज्यांना स्वतःच्या हाताने जेवताही येत नाही अशा मुलांनीही. त्यांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा करा. पद्मश्रीच्या बातमीत बाबांचे फोटो आले, त्यांची साधी राहणी आली, त्यांच्या मुलींच्या लग्नांचे किस्से आले. ही मागणी मी वाचलेल्या बहुतेक बातम्यांत शेवटच्या दोन ओळींत होती. माणूस आयुष्यभर बोट दाखवत असतो एका दिशेला, आणि आपण बोटाचंच कौतुक करत राहतो.

आमच्याच जिल्ह्यात पिंगुळीला परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवून गोष्ट सांगण्याची कला, कळसूत्री बाहुल्या त्यांनी जिवापाड जपल्या, गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. त्यांचे मुलगे ती कला पुढे चालवतात. तिथे गेलं की पदक भिंतीवर आहे आणि बाहुल्या हलत्या आहेत, हे बघून जीव निवतो. कलेला वारस घरात मिळू शकतो. बांबोळीच्या खिडक्यांना वारस घरात मिळेलच असं नाही. अण्णांची मुलगी लग्न होऊन पुण्याला आहे. तिने नोकरी सोडून यावं अशी अपेक्षा करायचा गावाला काय हक्क?

यावर मला दोन आक्षेप ऐकावे लागतात. पहिला असा, की खऱ्या सेवेला सन्मानाची आणि पैशाची गरज नसते, तुम्ही मानधनाची भाषा करून ती विटाळता. हा आक्षेप बहुधा असे लोक घेतात ज्यांनी स्वतः कधी महिन्याचा पगार सोडलेला नाही. फळाची अपेक्षा न ठेवणं हे व्रत ज्याने घेतलं त्याचं. दुसऱ्याने त्याच्या वतीने ते घ्यायचं नसतं. अण्णांना काही नको असेल, पण गावाला द्यावंसं वाटायला नको का?

दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि मी त्यावर बराच विचार केला. अण्णांसारखा माणूस ठराव करून तयार होत नाही, असं म्हणतात. तुम्ही टेबल टाकाल, खुर्ची ठेवाल, माणूस नेमाल, आणि तो पाच वाजता कुलूप लावून घरी जाईल. आपुलकीची योजना केली की आपुलकी मरते. यात अर्धं खरं आहे. रात्री दोन वाजता उठून चप्पल पायात सरकवणारा स्वभाव सोपवता येत नाही. पण माहिती सोपवता येते. कुठल्या वारी कुठली ओपीडी हे कळायला संतपणा लागत नाही. रक्तदात्यांची यादी दर तीन महिन्यांनी ताजी करायला संतपणा लागत नाही. अण्णांच्या कामाचा निदान दोनतृतीयांश भाग असा आहे की जो दोन नीट शिकवलेली माणसं पाच वाजेपर्यंत करू शकतात. मग रात्री दोनची हाक तेवढी स्वभावावर राहील. आज सगळंच स्वभावावर आहे, आणि तो स्वभाव ७६ वर्षांच्या, एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या देहात राहतो.

हिवरे बाजारचं नाव निघालं की आपण पोपटराव पवारांचं नाव घेतो, त्यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. पण तिथे बोअरवेलच्या पाण्यावर शेती करायची नाही, ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची, हे नियम गावाने ग्रामसभेत बसून केले आणि पाळले. एका माणसाने सुरुवात केली, गावाने वाटून घेतलं. तिथे सत्कार कधी झाला, किती झाला, हे मला महत्त्वाचं वाटत नाही. दरवर्षी ताळेबंद मांडला जातो, यातच त्या माणसाचा मान आहे.

सरकारी पातळीवर सन्मान गावापर्यंत आलेलाही आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने प्रत्येक ग्रामपंचायतीत दोन महिलांना अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचा सन्मान द्यायचं ठरवलं: सन्मानचिन्ह, शाल, श्रीफळ आणि रोख ५०० रुपये. रकमेवर बोट ठेवणाऱ्यांत मी नाही. सन्मान जिल्ह्याच्या गावी न होता स्वतःच्या ग्रामपंचायतीत, ओळखीच्या माणसांसमोर व्हावा ही कल्पना मला मनापासून पटते. आपल्या कामाची खरी पारख शेजाऱ्यांनाच असते. मला यात एकच भर घालावीशी वाटते. शाल देण्याआधी त्या बाईने काय केलं, ते सभेत तपशिलाने वाचून दाखवावं. विशेषणं न वापरता. किती बालविवाह थांबवले, कुठल्या घरी काय ऐकून घ्यावं लागलं, आज तिला कशाची अडचण आहे. आणि त्या अडचणीपैकी एक ग्रामपंचायतीने त्याच बैठकीत ठराव करून आपल्याकडे घ्यावी. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. एका सभेतली पंधरा मिनिटं याला मिळू शकतात.

वयाचंही बोललं पाहिजे. आपण पंचाहत्तरीची वाट का बघतो? माणूस ५० वर्षांचा असताना, त्याच्या अंगात दुसऱ्याला शिकवण्याची ताकद असताना गावाने त्याच्याकडे गेलं पाहिजे. पंचाहत्तरीला आपण जातो तेव्हा त्याचं काम आटोपत आलेलं असतं, आणि आपल्याला त्यात पडावं लागणार नाही याची एक सोय आत कुठेतरी असते. मी समितीत होतो म्हणून हे बोलतोय. मला ती सोय जाणवली होती.

फोनवर 'आपली राज्यस्तरीय समाजरत्न पुरस्कारासाठी निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरून निश्चिती करावी' असे संदेश येतात, त्यांच्यावर मी शब्द खर्च करणार नाही. ते विकत घेतलेले सन्मान आहेत आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही ते ठाऊक असतं. पण त्यांच्यामुळे एक नुकसान झालं आहे: खऱ्या माणसाला खरा सन्मान द्यायला गेलं की तो संकोचतो. अण्णा पद्मच्या अर्जाला तीन वेळा नाही म्हणाले. चौथ्या वेळी मी त्यांना सांगितलं की सर्वोच्च न्यायालयाने हे पुरस्कार म्हणजे पदव्या नव्हेत असा निर्णय दिलेला आहे, नावाच्या आधी किंवा नंतर ते लावता येत नाहीत, त्यांच्यासोबत पैसाही मिळत नाही. तेव्हा ते हसून म्हणाले, "मगे बरा आसा."

अर्ज गेला. ८०० शब्द भरले, सगळे वहीतून आलेले. तो मंजूर होईल अशी आमची फारशी अपेक्षा नाही. मरणोत्तर आणि परदेशस्थ मानकरी सोडले तर वर्षाला १२० च्या आतच नावं जाहीर होतात आणि देश मोठा आहे. पण त्या लिहिण्याने आमच्या चौघांचं काहीतरी झालं. आम्हाला प्रथमच समजलं की काय सांभाळायचं आहे.

नगरपंचायतीला आम्ही निवेदन दिलं आहे. मागण्या तीन. बसस्टँडजवळच्या बंद पडलेल्या गाळ्यात एक रुग्णसहाय्य कक्ष, एक फोन, मानधनावर दोन रुग्णमित्र. दरवर्षीच्या अंदाजपत्रकात त्यासाठी ठरावीक तरतूद. आणि त्या दोघांना पहिले सहा महिने अण्णांसोबत बांबोळीला पाठवणं, अण्णांना आणि काकींना त्याचं रीतसर मानधन देऊन. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालयाच्या बाजूला आरोग्यमित्र असतो. आम्हाला घराच्या बाजूला एक हवा आहे. सत्काराच्या खर्चात असा कक्ष काही महिने सहज चालला असता, हे हिशेब तपासूनच लिहितो आहे. एका सदस्याने विचारलं की कक्षाला अण्णांचं नाव द्यायचं का. आम्ही सांगितलं, आधी कक्ष द्या.

तोवर वही उतरवून घेण्याचं काम सुरू आहे. मेडिकल स्टोअरमध्ये काम करणारी एक मुलगी आणि कॉलेजातला एक मुलगा मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी अण्णांच्या ओटीवर बसतात. पहिल्या दोन वह्यांतले बरेचसे दाते आता साठीच्या पुढे गेले, ती नावं गाळायची. अण्णा एकेक नाव ऐकतात, कोणाचा फोन बदलला ते सांगतात, कोणी वारलं असेल तर थोडा वेळ गप्प बसतात. परवा मुलीने एका दात्याची तारीख चुकीची लिहिली. अण्णांनी ती न बघता पकडली. "शिमग्यात दिल्यान रक्त, गुडीपाडव्याक न्हय. पंधरा दिसांचो फरक पडता." तिने खोडून पुन्हा लिहिलं. काकींनी आतून चहा आणला. नव्या कौलांचा माल अंगणात येऊन पडला आहे, तो कोणी पाठवला हे काकींना माहीत आहे आणि अण्णांना अजून सांगितलेलं नाही. चौथ्या वहीची अजून साठ पानं उतरवायची राहिली आहेत.